चर्चच्या प्रायमरी शाळेचा अनुभव: सगळं अडलं होतं वाचायच्या पुस्तकापाशी

मुलगी इंग्लंडमधल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रायमरीत आहे, रिसेप्शन (चार-पाच वर्षांच्या मुलांचा पहिला वर्ग) झालं, आता त्यापुढचं इयर वन पण संपत आलं, म्हणून सविस्तर लिहितेय. कॅचमेंट (शाळेचा प्रवेशाचा परिसर), फॉर्म, ऑफस्टेड (सरकारी शाळा-तपासणी) हे इथे राहणाऱ्यांना पाठ आहे, त्यात जात नाही. शाळेचं नाव देणार नाही.

माझी मुख्य तक्रार होती बुक बॅगमधून घरी येणाऱ्या पुस्तकाची. वर्गात एस-एच, सी-एच असे अक्षरं जोडून होणारे ध्वनी चालू आणि घरी येणाऱ्या पुस्तकात पानोपानी आय-जी-एच वाले शब्द, जे तिला शिकवलेलेच नाहीत. मग पोर काय करणार, चित्र बघून ठोकून द्यायची. खाली 'हॉर्स' लिहिलेलं आणि ही बोट ठेवून म्हणते 'पोनी'. रीडिंग रेकॉर्डमध्ये (घरच्या वाचनाच्या वहीत) मी रोज लिहायचे, समोरून फक्त सही यायची. भेटून विचारलं तर म्हणे चित्रावरून अंदाज करणं ही पण पहिली पायरी आहे, आणि घरी वेगळी पुस्तकं हवी असतील तर डिकोडेबल सेट (शिकलेल्या ध्वनींवरून वाचता येतील अशी पुस्तकं) विकत मिळतो. इथे माझं डोकं फिरलं. शाळा व्हॉलंटरी एडेड, म्हणजे चालते सरकारी पैशावर पण इमारतीच्या मोठ्या कामाचा साधारण 10 टक्के खर्च गव्हर्नर्सना (शाळेच्या व्यवस्थापन मंडळाला) उभा करावा लागतो, त्यासाठी वर्गणीची चिठ्ठी येते, ऐच्छिक असली तरी मी भरते. पण वाचायला शिकवायचं पुस्तक सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेनेच द्यायला हवं, ते मी विकत घेणार नाही म्हणजे नाही. शिक्षण खात्याच्या 2021 च्या रीडिंग फ्रेमवर्कमध्ये स्पष्ट आहे की मुलाला स्वतः वाचायला दिलेलं पुस्तक शिकवून झालेल्या ध्वनींचंच हवं. तेच पान मी ईमेलला जोडून पाठवलं.

इयर वनच्या सुरुवातीपर्यंत मी ही शाळा कुणाला सुचवली नसती. आता सुचवेन. नवीन रीडिंग लीड (शाळेतलं वाचन शिकवणं बघणाऱ्या) मॅडम आल्या, त्यांनी खालच्या वर्गांची पुस्तकं उपसून ध्वनींच्या क्रमाने परत लावली, टीचिंग असिस्टंटना पण ट्रेनिंग दिलं, आणि आता घरी दोन पुस्तकं येतात, एक तिने स्वतः वाचायचं आणि एक आपण तिला वाचून दाखवायचं. फरक महिन्याभरात दिसला. आता शब्द अडला की ती चित्राकडे बघत नाही, बोट एकेका ध्वनीवर सरकवत जाते आणि मग अख्खा शब्द म्हणते.

जूनमध्ये फोनिक्स स्क्रीनिंग चेक, म्हणजे ध्वनी जोडून शब्द वाचायची इयर वनची चाचणी, झाली. 40 शब्द, त्यातले 20 खरे आणि 20 बनावट, बनावट शब्दाशेजारी एलियनचं चित्र. मुलांना अर्थ नसलेले शब्द कशाला, असं बरेच पालक ग्रुपवर विचारतात. त्याचं कारण तो 'पोनी'च आहे. बनावट शब्द पाठ करून येत नाही आणि चित्रावरून सापडत नाही, तो वाचावाच लागतो.

चर्चबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. प्रार्थनासभा रोज असते, ती इंग्लंडमधल्या सगळ्याच सरकारी शाळांना कायद्याने आहे, मुलाला त्यातून बाहेर ठेवायचा हक्क पालकाला आहे, आम्ही तो वापरला नाही. व्हिकार (चर्चचे पाद्री) येतात, गोष्ट सांगतात, मुलीला आवडतात. दिवाळीला वर्गात तिला पणती दाखवून बोलायला दिलं, बाईंनी आधी मला फोन करून नीट विचारून घेतलं होतं, हे मला मनापासून आवडलं. चर्चच्या शाळांची सियाम्स ही तपासणी वेगळी होते, ती ख्रिश्चन व्हिजन शाळेत कसं जगलं जातं ते बघते, वाचनाच्या पेटीत काय आहे हे कळायला तिचा फार उपयोग नाही. ऑफस्टेडचा एका शब्दातला एकूण शेरा सप्टेंबर 2024 पासून गेला, त्यामुळे आता 'गुड' बघून शाळा निवडायची सोय नाही, रिपोर्ट वाचावाच लागतो. त्यात लवकर वाचनाबद्दल काय लिहिलंय ते आधी शोधा, आणि ओपन डेला हॉलमधली सजावट बघण्याऐवजी सगळ्यात मागे पडलेल्या मुलांना घरी कुठलं पुस्तक देता हे विचारा, आणि ते हातात घेऊन बघा.

एक गोष्ट अजून बाकी आहे. इयर थ्रीमध्ये जी मुलं अजून अडखळतात त्यांना अजून तीच जुनी अंदाजाने वाचायची पुस्तकं मिळतात, शेजारच्या मुलाच्या बॅगेत मी बघितलंय. नवीन संच घ्यायला बजेट नाही म्हणतात. पॅरेंट्स असोसिएशनच्या समर फेअरचे पैसे प्लेग्राउंडच्या शेडऐवजी आधी या पुस्तकांना द्या असं मी गव्हर्नर्सना लिहिलंय, उत्तर आलं की इथेच अपडेट टाकते.