जुना बॅच: दुरुस्त करायचा की पाडून नवा बांधायचा?

न्यूझीलंडमध्ये स्थिरावलेल्या आपल्या काही मंडळींना आता समुद्रकाठच्या ‘बॅच’चे वेध लागले आहेत. बॅच म्हणजे सुट्टीपुरतं लहानसं लाकडी घर. दक्षिणेकडे त्यालाच क्रिब म्हणतात. जुना बॅच बघायला गेलं की पहिला सल्ला ठरलेला: पाडा आणि नवं बांधा. गावचं कौलारू घर पाडून स्लॅब टाकतानाही आपण हेच ऐकलं होतं. माझा कल आधीच सांगतो, घर तग धरण्यासारखं असेल तर ते राहू द्यावं.

आधी लाकडाचं बोलू. 1920-30 च्या दशकांतल्या बॅचला बहुधा रिमू किंवा कौरीसारखं देशी लाकूड असतं. सरकारी जमिनीवरच्या देशी जंगलांची तोड 2002 मध्ये थांबली, त्यामुळे तसं लाकूड आता सहज मिळत नाही. नवं घर रेडिएटा पाइनचं. औषध मुरवलेलं असेल तर तेही टिकतं, पण नवं म्हणजे कोरडं असं धरून चालू नका. 1990 च्या दशकात प्रक्रिया न केलेल्या पाइनच्या सांगाड्यावर गिलाव्यासारखं आवरण चढवून इथे हजारो घरं बांधली गेली आणि ती आतून कुजली. जुन्या फळ्यांच्या भिंतीतही पाणी शिरतं, पण वारा खेळता असल्याने ते वाळतं.

ऊब, न्हाणीघर, जास्तीच्या खोल्या या बाबतींत नवं घर सरस, यात वाद नाही.

जुन्याचं मोल कशात आहे, ते समजायला रांगितोतोला जाऊन या. ऑकलंडच्या धक्क्यावरून फेरीने अर्ध्या तासाच्या आत पोचता. सुमारे 600 वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकातून वर आलेलं हे काळ्या दगडाचं बेट. तिथे भाडेपट्ट्याच्या तुकड्यांवर साध्या कुटुंबांनी सुमारे 140 घरं उभी केली. सामान होडीतून आणायचं आणि छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं. आयात मोटारी ज्या खोक्यांतून यायच्या, त्यांच्या फळ्यासुद्धा भिंतींना लागल्या. एका भिंतीत मला तीन मापांच्या तीन खिडक्या दिसल्या. खिडकी मिळेल तशी आणलेली, फळ्या तिच्या मापाने कापलेल्या. आराखडा नाही, वास्तुविशारद नाही. बेताच्या कमाईत माणसांनी आपली सुट्टी कशी उभी केली, त्याचा पुरावा म्हणजे ही भिंत. 1937 मध्ये नव्या बांधकामावर बंदी आली, पुढे पट्टे संपले तशी घरं पाडली गेली आणि तिसेक उरली. बॅच 38 मध्ये आता संग्रहालय आहे.

म्हणून निर्णय घेताना मूळचं किती शिल्लक आहे ते आधी बघा. खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या असतील, आतलं सगळं उपसलेलं असेल, तर पाडल्याने फारसं जात नाही. समुद्र अंगणापर्यंत आला असेल तर जागेचाच विचार वेगळा. पण घर जसंच्या तसं असेल, आणि शेजारीही त्याच काळातले बॅच रांगेने असतील, तर एक काढला की सगळी रांग उघडी पडते. ट्रकवर घालून घर दुसरीकडे न्यायची इथे सर्रास पद्धत आहे. त्यात लाकूड वाचतं, जागेशी असलेलं नातं तुटतं. पाडण्यापेक्षा ते बरं, इतकंच.

कायद्याचं एक लक्षात ठेवा. वारसा यादीत नाव आहे म्हणून घराला आपोआप संरक्षण मिळत नाही. ते स्थानिक कौन्सिलच्या जिल्हा आराखड्यातल्या नोंदीने मिळतं. त्यामुळे व्यवहाराआधी कौन्सिलकडून लिम (LIM) अहवाल, म्हणजे त्या मालमत्तेबद्दल तिच्याकडे असलेली माहिती, मागवा. जुन्या फायब्रोलाइटच्या (सिमेंटच्या) पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, ते स्वतः फोडू नका.

आणि घराखाली वाकून एकदा टॉर्च मारा. खालचे खांब कुजलेले दिसले तरी घाबरू नका. घर जॅकवर थोडं उचलून ते एकेक करून बदलता येतात.