गोळी कापायचं कटर : पंधरा महिन्यांच्या वापरानंतर

हे कटर मी डिसेंबर 2023 मध्ये ऑनलाइन मागवलं, 160 रुपयांना. अमळनेरला चौथ्या दिवशी घरी आलं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, निळ्या प्लास्टिकचं. झाकणाला आतून स्टीलचं पातं, खाली व्ही अक्षरासारखी खाच. खाचेत गोळी ठेवायची आणि झाकण दाबायचं. तुकडे ठेवायला मागे छोटा कप्पा आहे. एवढ्याशा वस्तूबद्दल लांबलचक लिहायचं कारण असं की माझी डिप्रेशनची गोळी सुटली ती हिच्या मदतीने, आणि त्याआधी एकदा ती घाईने सोडून मी फार भोगलं आहे. तुमच्या घरात कुणी ही गोळी बंद करायचा विचार करत असेल तर हे वाचा.

मी ब्लाऊज शिवते, बावीस वर्षं झाली. 2020 मध्ये मला एसिटालोप्राम 10 मिलिग्रॅम सुरू झाली. या गोळीने मला अंथरुणातून उठवून मशीनवर बसवलं, त्यामुळे गोळीबद्दल माझी काही तक्रार नाही. तीन वर्षांनी बरं वाटत होतं म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पंधरा दिवस अर्धी घ्या आणि मग बंद करा. मी तसंच केलं. एप्रिल 2023 होता, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. माहेरी येणाऱ्या लेकीबाळींचे ब्लाऊज, वरून लग्नसराई, बसायलासुद्धा जागा नव्हती इतके कपडे.

बंद केल्याच्या चौथ्या दिवशी सुईत दोरा ओवत होते आणि डोक्यात सण्णकन काहीतरी गेलं. उघड्या वायरला बोट लागल्यावर बसतो तसा झटका, पण कवटीच्या आत आणि अर्धा क्षणच. मग दिवसभर तेच. मान वळवायची गरज नाही, नुसती नजर मशीनवरून दाराकडे गेली तरी झटका. सासूबाईंना सांगितलं तर त्या घाबरून म्हणाल्या, "माय वं, डोकामा ईज चमकस का?" त्याला यापेक्षा नेमके शब्द मला आजवर सापडले नाहीत. खरंच वीज चमकते. सोबत चक्कर, मळमळ, पहाटे घामाने ओली उशी, आणि स्वप्नं इतकी खरी की उठल्यावर कुणाशी भांडले ते आठवून दिवसभर जीव लागायचा नाही. आठव्या दिवशी एका नवरीच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या कापल्या. तिच्या आईसमोर रडू आलं ते तासभर थांबलं नाही.

त्याच डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजार परत आला, आता ही गोळी तुम्हाला कायमची. पुन्हा 10 सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी झटके गेले. शिरपूरला फार्मसी शिकणारी माझी भाची सुट्टीला आली होती, तिने तिथेच बोट ठेवलं. म्हणाली, मामी, उदासीचा आजार परतला असता तर तीन दिवसांत कसा जाईल? तिनेच मला जळगावला दुसऱ्या मानसोपचार डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडमनी पहिल्यांदा तारखा विचारल्या. गोळी कधी थांबली, त्रास कधी सुरू झाला, परत घेतल्यावर किती दिवसांत गेला. मग सांगितलं की गोळी सोडल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, त्यात असे झटके आणि चक्कर असते, आणि मात्रा परत दिली की लवकर ओसरतो. आजार परततो तो बहुधा काही आठवड्यांनी, महिन्यांनी, आणि हळूहळू. ही नशेची गोळी नाही, तिची तलफ येत नाही. पण मेंदू त्या मात्रेला रुळलेला असतो, त्याच्या पायाखालून जमीन एकदम काढून घेतली की तो डगमगतो. मला त्या दिवशी चार महिन्यांत पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. मी पुन्हा आजारी पडले नव्हते.

पुढे मॅडमनी मात्रा वाढेल तसा असर किती वाढतो याची कागदावर एक रेघ काढली, आधी सरळ उभी चढणारी आणि मग आडवी होत जाणारी. भाचीने नंतर मला त्यामागचा लेख मोबाइलवर दाखवला, 2019 चा, लॅन्सेट सायकिअॅट्री या वैद्यकीय मासिकातला, होरोविट्झ आणि टेलर या दोघांचा. माझ्या गोळीची सख्खी बहीण म्हणजे सिटालोप्राम. मेंदूत ती ज्या जागांवर जाऊन बसते त्या 20 मिलिग्रॅमने साधारण 80 टक्के भरतात. तिप्पट, म्हणजे 60 घेतली तरी 88च्या आसपासच. आणि 20ची 9 केली तरी सत्तरेक टक्के भरलेल्या राहतात. म्हणजे वरच्या मात्रेतून मोठा तुकडा काढला तरी फारसं कळत नाही, पण शेवटच्या थोड्या मिलिग्रॅममध्ये सगळा भार असतो. मला हे लगेच पटलं, कारण आमच्या कामात तेच आहे. चाळीस छातीच्या ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी अर्धा इंच आत घेतला तर बाईला जेमतेम जाणवतं. तोच अर्धा इंच तान्ह्या बाळाच्या झबल्यातून काढा, मुंढ्यातून हात जाणार नाही. मी 5 वरून एकदम शून्यावर आले होते, म्हणजे झबल्यातूनच काढलं होतं.

तर ठरलं असं : लग्नसराईत काही कमी करायचं नाही, दिवाळीनंतर सुरुवात, प्रत्येक पायरी निदान चार आठवडे. आधी साडेसात, मग पाच, मग पाचची पाऊण गोळी, अर्धी, पाव. एक दिवसाआड घेऊ का, असं मी विचारलं होतं, गोळी कापायची कटकट नको म्हणून. मॅडम नाही म्हणाल्या. ही गोळी साधारण तीस तासांत शरीरातून निम्मी होते, एक दिवसाआड घेतली की रोज वरखाली, म्हणजे रोज थोडं थोडं सोडण्याचा त्रास. आमच्या पेठेतल्या मेडिकलवाल्या भाऊंकडे 5 मिलिग्रॅमची गोळी नसायची, सगळे 10चीच घेतात. चिठ्ठी दाखवल्यावर त्यांनी ती मागवून ठेवायला सुरुवात केली आणि मला शेवटपर्यंत कधी खाडा पडू दिला नाही. पातळ औषध असतं तर मोजायला सोपं गेलं असतं, पण आमच्याकडे ते मिळालं नाही, म्हणून कटर.

आधी मी भाजीच्या सुरीने कापून पाहिलं, तुकडा उडून मशीनखाली गेला. दाढीच्या ब्लेडने कापली तर गोळीचा चुरा झाला आणि बोट कापलं ते वेगळं. कटरने मात्र पहिल्या दिवशी 5च्या गोळीचे दोन सरळ अर्धे केले. माझ्या गोळीवर मधोमध रेघ होती, ती पात्याच्या बरोबर खाली आणायची आणि झाकण हळू न दाबता एका दमात दाबायचं, कात्री चालवतो तसं. हळू दाबलं की चुरा होतो.

पावाला मात्र खाच मोठी पडते. ही गोळी बारीक, अर्धी आत ठेवली की सरकते. मी कॉलरला लावतो त्या बक्रमचा नखाएवढा तुकडा खाचेत बसवला, मग ती धरून राहिली. तरी मनात शंका होती की हे पाव खरंच पाव आहेत का. माझ्या एका गिऱ्हाइकाचं सराफी दुकान आहे, तिला हे सगळं सांगितलं होतं. तिने दुपारी दुकानात बोलावलं आणि सोन्याच्या काट्यावर वजन करून दिलं. अख्खी गोळी 0.084 ग्रॅम. तिचे चार तुकडे 0.025, 0.022, 0.018 आणि 0.017. बाकीचा चुरा. म्हणजे औषधाच्या हिशेबात कुणी दीड मिलिग्रॅम, कुणी एक. मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, एवढा फरक चालेल, फक्त एका गोळीचे चारही तुकडे लागोपाठ चार दिवसांत घ्या म्हणजे सरासरी जुळते. मग मी चारच दिवसांचे तुकडे कापायचे. जास्त कापून ठेवले तर आपल्याकडच्या मे महिन्यात आणि पावसाळ्यात ते मऊ पडतात.

कटरची खरी मर्यादा पावाच्या खाली आहे. पावाचं निम्मं करायला गेले तर निव्वळ पूड. म्हणून मॅडमनी मला पावावरच दहा आठवडे ठेवलं आणि मग फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवलं. पातंही सहा महिन्यांत बोथट झालं, ते बदलता येत नाही, दुसरं कटर घ्यावं लागलं. आणि घरात लहान मूल असेल तर कप्प्यात तुकडे ठेवू नका, ते झाकण नुसतं बोटाने उघडतं.

त्रास अजिबात झाला नाही असं नाही. प्रत्येक पायरीला तिसऱ्या ते दहाव्या दिवसापर्यंत थोडे झटके यायचे. ते दिवस मी कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवायचे. त्यात कटिंग नाही, फक्त हूक आणि तुरपाई. घरात सगळ्यांना सांगितलेलं की या आठवड्यात माझा आवाज चढेल, मनावर घेऊ नका. बाजारात जायला गाडी मुलगी चालवायची. अर्ध्यावर आले तेव्हा मात्र झोप पार उडाली. मॅडमना फोन केला आणि तीन आठवडे परत पाऊणवर गेले. त्या म्हणाल्या, हे मागे जाणं नाही, घाई सोडणं आहे. एका रात्री दोन वाजता फार भीती वाटली तेव्हा टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन केला होता. फोन फुकट, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईंनी मी शांत होईपर्यंत ऐकलं आणि सकाळी डॉक्टरांना काय सांगायचं ते लिहून घ्यायला लावलं.

सगळ्यांना असा त्रास होतोच असं नाही. 2024 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात गोळी सोडल्यामुळेच झालेला त्रास दर सहा-सात जणांमागे एकाला दिसला, आणि तीव्र त्रास त्याहून खूप कमी जणांना. गोळीप्रमाणेही फरक पडतो. फ्लुओक्सेटिन शरीरातून जायला कित्येक दिवस घेते म्हणून सोडायला सोपी जाते, व्हेन्लाफॅक्सिन काही तासांतच उतरते म्हणून अवघड. तेव्हा माझ्या पायऱ्या बघून कुणी आपल्या गोळीला पातं लावू नका. ज्या गोळीच्या नावापुढे एक्सआर, ईआर किंवा सीआर लिहिलेलं असतं ती तर कटरमध्ये ठेवायचीच नाही. ती दिवसभर थोडी थोडी सुटावी म्हणून बनवलेली असते, कापली की एकदम सुटू शकते. आपली गोळी कापायची आहे की नाही, आणि किती, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

पाचपैकी साडेतीन तारे. पातं बदलता आलं असतं तर चार दिले असते. दुकानातून घेणार असाल तर झाकण उघडून पातं मधोमध आहे का ते बघा. माझं दुसरं कटर एका बाजूला झुकलेलं निघालं आणि परत पाठवावं लागलं. आणि बक्रम हवा असेल तर कुठल्याही शिंप्याकडे मागा, एवढ्याशा तुकड्याचे कुणी पैसे घेणार नाही.