१६ जीबी रॅम, अकरा महिने आणि एक खोडरबर

मे महिन्याची वीस तारीख. जीएसटीचा ३बी भरायचा शेवटचा दिवस, तीन पार्ट्यांचे रिटर्न बाकी, आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, आतून नुसतं पीं-पीं-पीं. भर उन्हात अ‍ॅक्टिवावर कॅबिनेट घालून नागपूरच्या बर्डीवर नेलं. दुकानदाराने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "ताई, मदरबोर्ड गेला. साडेचार हजार पकडून चला."

तसंच परत आणलं. मुलाने दोन्ही रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्ट्या, काढल्या. सोनेरी पट्टीवर काळपट थर बसला होता. साध्या खोडरबरने घासला, सुती कापडाने पुसला, दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' होईपर्यंत रॅम परत दाबल्या. कॉम्प्युटर सुरू! कूलरचा दमट वारा थेट कॅबिनेटवर येत होता, वर उन्हाळ्याची धूळ. त्या दिवसापासून टेबल पलीकडच्या भिंतीला आहे. साडेचार हजार वाचले, पण तो माणूस दिवसभरात असे किती मदरबोर्ड 'घालवत' असेल या विचाराने अजून चीड येते.

आता मूळ विषय: आठची रॅम सोळा करून काय फरक पडला. मशीन २०१९ चं, आय३ प्रोसेसर, आठ जीबीची एकच पट्टी. त्याच वर्षी, मेच्या आधी, जानेवारीत आणखी आठची घातली. अशा मशीनला डीडीआर४ रॅमच बघून घ्या, नंतरच्या पिढीच्या डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. पहिला महिना मला वाटलं पैसे पाण्यात गेले. कॉम्प्युटर सुरू व्हायला आधी तीन मिनिटं लागायची, नंतरही तीनच. दुकानात तर "सोळा टाका, उडेल" म्हणाले होते.

मत बदललं ते फेब्रुवारीच्या वीस तारखेला. टॅली, एक्सेल, पोर्टलच्या पंधरा-वीस टॅब, व्हॉट्सअ‍ॅप वेब, सगळं एकदम उघडं, आणि हार्डडिस्कची ती कुर्र-कुर्र नव्हती. आधी एका खिडकीतून दुसरीत जाताना हातात चहा घेऊन बसावं लागायचं. कारण असं की रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर टाकतं, आणि जुनी डिस्क रॅमच्या मानाने फारच हळू असते.

म्हणून रॅम घेण्याआधी एकच गोष्ट करा. रोजचं सगळं काम उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. तिथे 'कमिटेड' म्हणून आकडा असतो. तो तुमच्या रॅमपेक्षा बराच वर असेल आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल, तरच रॅम कमी आहे. माझा आकडा अकराच्या आसपास जायचा, रॅम होती आठ. हा आकडा दुकानदार तुम्हाला कधीच दाखवत नाही, कारण तो बघितल्यावर निम्मे लोक खरेदी न करताच परत जातील.

सुरू व्हायला लागणारा वेळ जुलैत हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकल्यावर वीस सेकंदांवर आला. तेव्हा मला वाटलं, म्हणजे रॅम उगाचच घेतली? एक पट्टी काढून आठवडाभर आठवर काम केलं. टॅली आणि दहा टॅब ठीक चालल्या. टॅलीला मुळात रॅम फारशी लागतच नाही, खातात त्या ब्राउझरच्या टॅब. पण मुलाने शेजारच्या खिडकीत व्हिडिओ क्लास लावला की सगळं अडखळायचं. रविवारी पट्टी परत घातली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ टाकलं. मायक्रोसॉफ्टच्या अटीत किमान ४ जीबी लिहिलंय. चारवर ते सुरू होईल, पण त्यावर घरचं काम काढणं म्हणजे डोक्याला ताप. सोळावर मला काही फरक जाणवला नाही. बत्तीस घ्या म्हणणाऱ्यांना विचारा, व्हिडिओ एडिटिंग कोण करणार आहे? २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव भडकले, त्यामुळे 'असू दे जास्तीची' म्हणून घेण्याचे ते दिवस नव्हते.

मागच्या आठवड्यात मोठ्या जाऊबाईंनी विचारलं. त्यांचं काम बँक, यूट्यूब आणि नातवाचा अभ्यास. त्यांच्याकडे आठ आहे, मी तीच ठेवायला लावली, एसएसडी घेतली आणि उरलेल्या पैशात यूपीएस.