‘म्युच्युअल’चं एकरकमी पॅकेज: सिव्हिलियनला चालेल, फौजी घराला तोकडं

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास हल्ली परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं एकरकमी पॅकेज सर्रास मिळतं. कुणा एका वकिलाचं नाव न घेता या सेवेची पारख करायची, तर मूल नाही, सामाईक फ्लॅट नाही, दोघंही कमावते, अशा प्रकरणात पैसे वसूल होतात. पाचपैकी चार. नवरा फौजेत असेल तर दोन.

पॅकेजमध्ये अर्जाचा मसुदा, कन्सेंट टर्म्स (दोघांनी मान्य केलेल्या तडजोडीच्या अटी), दाखल करणं, तारखांना हजेरी आणि निकालाची प्रमाणित प्रत एवढं धरलेलं असतं. मसुदे बहुधा नीट असतात. खटकते ती ‘महिन्याभरात मोकळे’ ही जाहिरात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 मधल्या अमरदीप सिंग निकालानंतर हे सहा महिने माफ होऊ शकतात, पण पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असेल, पोटगी आणि मुलांचा ताबा ठरलेला असेल, समेटाचे प्रयत्न संपलेले असतील तर. वर्ष पुरं झालं म्हणून धावत आलेल्या जोडप्याला हे आधी सांगायला हवं.

कन्सेंट टर्म्समध्ये ‘फ्लॅट पत्नीकडे राहील’ असं लिहून भागत नाही. गृहकर्जावर दोघांची सही असेल तर बँकेला तुमच्या तडजोडीशी देणंघेणं नसतं. ती हप्त्यासाठी दोघांनाही धरते. नाव काढायचं तर बँकेची संमती आणि कागदाची नोंदणी, हे दोन्ही पॅकेजबाहेर. सासरच्यांवर गुन्हा दाखल असेल तर तो रद्द करून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात वेगळा अर्ज, वेगळी फी. तडजोडीत ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊ नये. काही भाग शेवटच्या तारखेला डीडीने द्यावा. निकाल लागेपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतो.

आता फौजी घरं. वानवडी, घोरपडी, खडकीत अशी प्रकरणं कमी नाहीत, तरी पॅकेजवाल्यांची तयारी इथेच उघडी पडते. पत्नी पुण्यात राहत असेल तर नवऱ्याचं पोस्टिंग लेहला असलं तरी अर्ज पुण्यात करता येतो, इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. पण लष्कर कायदा 1950 च्या कलम 32 चा वापर विरळाच दिसतो. कोर्टकामासाठी रजा मंजूर झाल्याचा किंवा मागितल्याचा दाखला युनिटकडून घेऊन अर्जासोबत लावला, तर कोर्टाने शक्यतो त्या रजेतच सुनावणी संपवायची असते. दाखला न लावता नेहमीसारखी तारीख घेतली, की जवान परत गेल्यावर तारीख उगवते आणि प्रकरण पुढच्या रजेपर्यंत लटकतं.

पोटगीचंही तसंच. लष्कर कायद्याच्याच कलम 28 मुळे दिवाणी कोर्टाच्या हुकमावर जवानाचा पगार जप्त होत नाही. तरीही जप्तीचा अर्ज टाकून महिने घालवणारे वकील आहेत! रस्ता दुसरा आहे: अधिकाऱ्यासाठी कलम 90, जेसीओ (सुभेदार वगैरे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आणि जवानांसाठी कलम 91. पत्नीने लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि बँक खात्याचा तपशील जोडून कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करायचा. नवऱ्याला नोटीस जाते, बाजू ऐकली जाते, मग पगारातूनच कपात होते.

निकालानंतर वकिलाचं काम संपतं, फौजेतलं तेव्हा सुरू होतं. प्रमाणित प्रत युनिटला दिल्यावर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या वैयक्तिक नोंदीतल्या बदलाचा युनिटचा आदेश, निघते आणि रेकॉर्ड ऑफिसमध्ये नोंद बदलते. ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन आपोआप बदलत नाही. ते वेगळं भरावं लागतं. घटस्फोटानंतर पत्नीचं कॅन्टीन कार्ड, ईसीएचएस (माजी सैनिकांच्या कुटुंबांची आरोग्य योजना) आणि फॅमिली पेन्शनचा हक्क जातो, मुलांचा नाही. म्हणून एकरकमी पोटगीचा आकडा ठरवताना खासगी मेडिक्लेमचा हप्ता धरायलाच हवा. बहुतेक मसुद्यांत त्याचा उल्लेखही नसतो.

फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पॅकेजच घ्यायचं असेल, तर कलम 32 चा दाखला कोण आणणार आणि पार्ट टू ऑर्डरचा पाठपुरावा कोण करणार, हे पैसे देण्याआधी फीच्या कागदावर लिहून घ्यावं.