हायवे 395 वरून मॅमथला जाताय? मग इंडिपेंडन्सचं म्युझियम बघून जा

एलेहून (म्हणजे लॉस एंजेलिसहून) डोंगरातल्या मॅमथला जाणारी आपली मंडळी लोन पाइनला बर्गर खातात, माउंट व्हिटनीचा फोटो काढतात आणि गाडी थेट बिशपला नेऊन लावतात, मधे इंडिपेंडन्स नावाचं गाव येऊन जातं ते बऱ्याच जणांना कळतही नाही. गाव आहेच तेवढंसं, वस्ती हजाराच्या आत, पण इन्यो काउंटीचं मुख्य ठिकाण हेच, आणि कोर्टापासून तीन ब्लॉक पश्चिमेला गेलं की ईस्टर्न कॅलिफोर्निया म्युझियम. 1928 साली इथल्याच लोकांनी सुरू केलं, 1968 पासून काउंटी चालवते. तिकीट नाही, देणगी आपल्या मर्जीने.

आधीच सांगतो, टचस्क्रीन, लाइट अँड साउंड वगैरे डोक्यात ठेवून जाऊ नका. काचेची कपाटं, जुने फोटो, शेजारी माहिती, असा जुन्या वळणाचा कारभार आहे. वाचायचा कंटाळा असेल तर वीस मिनिटांत बाहेर याल. मला स्वतःला हेच जास्त आवडतं, कारण एका मोठ्या शहरातल्या म्युझियमला (नाव नको) माणशी तीस डॉलर मोजून मी काय पाहिलं ते पार्किंगमधे येईपर्यंत विसरलो होतो.

सगळ्यात भारी म्हणजे टोपल्या. पायूट आणि शोशोनी या इथल्या मूळ जमातींच्या बायकांनी विलोच्या काड्यांच्या विणलेल्या, संग्रहात अशा शेकडो आहेत. धान्य पाखडायची सुपं तर आईने लांबूनच ओळखली. पण मी खरा अडकलो ते पाण्याच्या टोपलीपाशी. टोपलीत पाणी! घट्ट विणायची आणि वर पाइनच्या झाडाचा डिंक वितळवून लेप द्यायचा, झाला घडा, आणि पडला तरी फुटत नाही. हा लेप काळपट तपकिरी असतो आणि जवळून बघितलं की त्याच्याखालची वीण टाका न टाका दिसते, मी तर काचेला नाक लावून उभा होतो. हे लोक इथे गोरे यायच्या आधीपासून पाट काढून रान भिजवत होते, आपल्या लव्हाळ्या-नागरमोथ्याच्या जातीतल्या एका गवताचे कंद खायला. मग 1860 नंतर गुरं घेऊन लोक आले, गुरांनी ते गवत फस्त केलं, भांडणं पेटली, 4 जुलै 1862 ला लष्कराचा तळ पडला (त्या तारखेवरूनच गावाचं नाव) आणि पुढच्या वर्षी हजाराच्या आसपास पायूटांना पायी फोर्ट तेहोनकडे हाकललं. एवढं माहीत असेल तर टोपल्या बघताना नुसतं वा वा करून पुढे जाता येत नाही.

मग पाणी. आम्ही एलेवाले नळ सोडतो त्यातलं बरंच पाणी याच ओवेन्स खोऱ्यातलं, 1913 पासून, 233 मैलांचा कालवा, एकही पंप नाही, सगळं उतारावर. हा कालवा बांधणाऱ्या मलहोलंड साहेबांना इंजिनिअर म्हणून मानलंच पाहिजे. पण एलेत ही त्यांच्या कर्तबगारीची गोष्ट असते, इथे ती ज्यांचं पाणी गेलं त्यांच्या घरची असते. ओवेन्स लेक आटून गेलं, 1924 मधे लोकांनी कालव्याला सुरुंग लावले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अलाबामा गेट्स (कालव्याची दारं) ताब्यात घेऊन सगळं पाणी परत सोडून दिलं आणि चारेक दिवस बायकापोरांसकट तिथे ठाण मांडलं. शहापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, धरणं त्यांची, पाणी मुंबईला, उन्हाळ्यात गावात टँकर.

मँझनार छावणीचा विभागही नीट बघा. 1942 ते 45 दहा हजारांवर जपानी वंशाची माणसं, त्यातली बहुतेक जन्माने अमेरिकनच, इथून सहा मैलांवर काटेरी तारेत ठेवली होती. तिथे नॅशनल पार्कचं मोठं सेंटर 2004 ला झालं, पण त्याच्या कितीतरी आधी शिरो नोमुरा यांनी, जे स्वतः त्या छावणीत होते, फोटो आणि वस्तू जमवून या म्युझियममधे मांडल्या. आणि गंमत बघा, युद्धानंतर छावणीतल्या शाळेचा हॉल घेतला कुणी तर याच काउंटीने, आणि पुढे कित्येक वर्षं रस्ते खात्याचं गॅरेज केलं त्याचं. आता सेंटर आहे ते त्याच हॉलमधे.

ट्रेकवाल्यांसाठी नॉर्मन क्लाइड आहे. इथल्या शाळेचा हेडमास्तर, हॅलोविनला दंगा करणाऱ्या पोरांना घाबरवायला बंदूक झाडली, नोकरी गेली, मग जन्मभर सिएरा नेवाडाच्या डोंगरात, आधी कुणी न केलेल्या शंभराहून जास्त चढाया. सॅकमधे कढया आणि ग्रीक लॅटिन पुस्तकं घेऊन हिंडायचा म्हणे, लाइटवेट वाल्यांनी काय ते समजा.

मागच्या अंगणात जुनी घरं, शेतीची अवजारं, खाणीतली यंत्रं, घोडागाड्या. बाबा तिथून हलेनात. "अरे हे बघ, तुंबा, आरे, धाव, सगळं आपल्या गाडीसारखंच, फक्त चाक केवढं!" मग धाव तापवून कशी चढवतात ते त्यांनी मुलीला इतकं रंगवून सांगितलं की शेजारचे एक अमेरिकन आजोबाही ऐकत उभे राहिले, शब्द एक कळत नसताना. उन्हाळ्यात मात्र अंगण सकाळीच उरकून घ्या, दुपारी ऊन भाजून काढतं, टोपी पाणी जवळ ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कमी यासाठी की आधी थोडं वाचून गेलात तरच पूर्ण मजा येते, लहान पोरांना तर अंगणच बरं. वेळा बघून निघा, आधी हे करा आणि मग मँझनार, उलटं केलंत तर मँझनारनंतर दुसरं काही बघायचं मन होत नाही. स्थानिक इतिहासाची पुस्तकंही इथे चांगली मिळतात. आणि गावातल्या पार्कात 1911 चं नॅरोगेज वाफेचं इंजिन आहे, नंबर 18, हौशी लोकांनी खपून परत चालू केलेलं, कधी चालवतात ते म्युझियममधेच विचारून घ्या.