गोळ्या घ्याव्या की व्हॅक्यूम करावं: आमच्या घरातल्या दोघींचा हिशोब

आधीच सांगते मी डॉक्टर नाही, इंदूरला रामबागेत राहते, एक मुलगा आहे सहा वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी परत दिवस गेले तेव्हा आम्ही नवरा-बायकोने ठरवून गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या होत्या. यंदा माझ्या मामेबहिणीवर तीच वेळ आली, तिचं लग्न झालेलं नाही, विजयनगरला दोन मुलींबरोबर फ्लॅट शेअर करते, आणि तिचं व्हॅक्यूमने झालं. म्हणजे दोन्ही प्रकार मी जवळून बघितलेत, एक स्वतःवर आणि एक तिच्या शेजारी खुर्चीवर बसून.

आता गोळ्या बऱ्या की व्हॅक्यूम, हा प्रश्न नंतरचा. आधी किती आठवडे झाले ते बघा कारण अर्धं उत्तर तिथेच ठरतं, आणि ही मोजणी भल्याभल्या शिकलेल्या मुली चुकतात. बहिणीने पण चुकवली. ती म्हणे ताई मला तारीख नक्की माहितीये, साडेसात आठवडे झालेत. तिने मोजलं होतं संबंध आला त्या दिवसापासून. डॉक्टर मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे त्यात साधारण दोन आठवडे आधीच जमा असतात. सोनोग्राफीत साडेनऊ निघाले. आपल्याकडे गोळ्यांनी गर्भपात करायची मुदत नऊ आठवडे, म्हणजे 63 दिवस. झालं, गोळ्यांचा विषय तिथेच संपला. त्याच हिशोबाने पाळी चुकली त्या दिवशी तुम्ही चार आठवड्यांच्या असता, अजून काही कळलं पण नसतं तेव्हा.

ओळखायचं कसं, तर लक्षणांवर फार जाऊ नका. छाती जड होणं, सारखं लघवीला लागणं, मळमळ, दुपारी दोनला डोळे मिटायला लागणं हे सगळं होतं, पण छाती तर पाळीच्या आधी पण दुखतेच ना. आणि कुणाकुणाला पाळीच्या तारखेच्या आसपास थोडे डाग दिसतात, त्यालाच पाळी समजून महिना निघून जातो. पाळी चुकली की मेडिकलवरून 50-60 रुपयांची पट्टी आणायची आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर करायची (आशाताईंकडे निश्चय किट फुकट मिळते). दुसरी रेघ फिकट आली तरी ती आलीच समजा. एकच रेघ आली आणि पाळी पण येत नाही तर तीन-चार दिवस थांबून परत करा, कारण घाईत केलेली निगेटिव्ह टेस्ट फसवते. रक्ताची बीटा एचसीजी तपासणी थोडी आधी सांगते पण तिचा खर्च जास्त, आणि पट्टी काय की रक्त काय, गर्भ पिशवीतच आहे की बाजूच्या बीजनळीत हे दोन्ही सांगत नाहीत, ते सोनोग्राफीतच कळतं, पाच-सहा आठवड्यांच्या पुढे. सोनोग्राफीला गेलात की ओळखपत्र मागतात, फॉर्म एफ भरून घेतात, त्याला घाबरू नका, तो लिंगतपासणीच्या कायद्याचा कागद आहे, गर्भपाताला परवानगी आहे की नाही त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

हे नळीचं प्रकरण लक्षात ठेवा हं. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही, वरून अंगावर थोडं जातं आणि बाईला वाटतं झालं काम, आणि मग नळी फुटली की जिवावर बेततं. एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर, यातलं काही झालं तर तसंच उठून इमर्जन्सीत जायचं, सकाळची वाट बघायची नाही.

म्हणूनच मेडिकलवरून परस्पर किट आणण्याच्या मी विरोधात आहे, आणि आमच्याच घरी ते होता होता राहिलं. मिस्टर गेले आणि तिथल्या माणसाने "महीना लाने वाली गोली ना भैया" म्हणत पाकीट काढून समोर ठेवलं. चिठ्ठी नाही, किती आठवडे झाले ते नाही, बाईचं हिमोग्लोबिन किती काही काही विचारलं नाही. गोळ्या त्याच असतात हो, डॉक्टर पण त्याच देतात. पण रक्त फार कमी असेल, रक्त न गोठण्याचा त्रास असेल, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असतील, आत कॉपर-टी असेल तर हिशोब बदलतो, आणि ते मेडिकलवाला बघणार नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही डॉक्टरला आधीच सांगा. आणि आय-पिल वेगळी, ती संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची, दिवस राहिल्यावर तिचा काही उपयोग नाही. कच्ची पपई, तिळाचा काढा, गरम गरम गूळ याने पण काही होत नाही, आठवडे मात्र वाया जातात.

आता खरी तुलना. गोळ्यांत आधी एक मिफेप्रिस्टोन 200 मिलीग्रॅम, मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार. पहिलीने मला काहीच झालं नाही, ऑफिसला गेले. नंतरच्या चार शनिवारी घेतल्या, मुलाला मिस्टर माझ्या आईकडे सोडून आले, तीन तासांत कळा सुरू. डॉक्टर म्हणाल्या होत्या पाळीपेक्षा थोडं जास्त, पण थोडं नव्हतं ते, मोठ्या मोठ्या गाठी, थंडी वाजून अंग कापत होतं, जुलाब. संध्याकाळी सहा-सातपर्यंत जोर ओसरला, पुढे बारा दिवस थोडं थोडं जात राहिलं. आणि आमच्या वाड्यात बाथरूम एकच, सासूबाई दर दहा मिनिटांनी कडी वाजवणार, काय गं बरं नाही का. सगळे म्हणतात गोळ्या म्हणजे घरच्या घरी, गुपचूप. अहो घर कुणाचं आणि कसं आहे त्यावर आहे ते! एकट्या राहत असाल किंवा घरात सगळ्यांना माहीत असेल तर ठीक, एकत्र कुटुंबात रक्तस्राव लपवणं दवाखान्यात जाऊन येण्यापेक्षा अवघड.

बहिणीचं उलट. व्हॅक्यूममध्ये भूल देऊन पिशवीच्या तोंडातून बारीक नळी घालतात आणि मोठ्या सिरिंजसारख्या पंपाने ओढून घेतात, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत हे करतात. खुद्द प्रकार पाच-दहा मिनिटांचा. अकराला आत गेली, दोनला रिक्षात बसलो, संध्याकाळी तिने उसळ-पोहे मागवून खाल्ले. दुखलं, नाही असं नाही, पाळीच्या वाईट दिवसासारखं म्हणाली, पण डाग चार दिवसांत बंद. आपल्याकडे सगळे सरसकट क्युरेटिंगच म्हणतात, पण धातूच्या क्युरेटने खरवडायची पद्धत जुनी, जागतिक आरोग्य संघटना पण म्हणते ती सोडून व्हॅक्यूम करा. त्यामुळे डॉक्टरला सरळ विचारा की व्हॅक्यूमने करणार का खरवडून. लाजू नका, बहिणीच्या वतीने मीच विचारलं.

खात्रीचं म्हणाल तर व्हॅक्यूम थोडं वरचढ, गोळ्यांनी शंभरात 95 च्या वर बायकांचं पूर्ण होतं आणि उरलेल्यांना शेवटी व्हॅक्यूमच करावं लागतं. गोळ्यांत आत काही घालत नाहीत, सुई नाही, टेबल नाही, पुष्कळ जणींना तेच हवं असतं आणि मला ते पटतं, मला पण तेच हवं होतं. पण आठवडा साडेआठ असताना आठवडाभर विचार करत बसू नका, मग निवड आपली राहत नाही. बाराच्या पुढे वेळ गेली तरी रस्ता बंद नाही, फक्त बहुतेक दाखल व्हावं लागतं.

परवानगीचं. पहिल्या दवाखान्यात तिला म्हणाले नवऱ्याची सही आणा. नवराच नाही तर कुठून आणणार! कायद्यात नवऱ्याची सही लागतच नाही, अठरा पूर्ण असतील तर फक्त बाईची स्वतःची, अठराच्या आत असेल तर पालकांची. गर्भपाताचा 1971 चा कायदा आहे, 2021 मध्ये बदल झाला, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण आता अविवाहित बाईलाही चालतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ठराविक कारणं, सुप्रीम कोर्टाने 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलं की तिथेही लग्न झालंय की नाही यावरून भेद करायचा नाही. नाव बाहेर फोडणं गुन्हा आहे. आम्ही वाद न घालता दुसरीकडे गेलो, तिथे मॅडमनी फॉर्म सी, म्हणजे संमतीचा कागद, पुढे केला, तिने सही केली, संपलं. खर्चाची अडचण असेल तर सरकारीत मोफत होतं, इंदूरात बायकांसाठी एमटीएच हे सरकारी हॉस्पिटल आहे, रांग असते एवढंच.

नंतर काय बघायचं: तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं लागोपाठ दोन तास, ताप एक दिवसाच्या वर, घाण वास, पेनकिलरने न थांबणारं पोट, किंवा दुसऱ्या गोळ्या घेऊन चोवीस तास झाले आणि अंगावर काहीच गेलं नाही, की डॉक्टर. कुठल्या गोळ्या कधी घेतल्या ते खरं सांगा. आणि पंधराव्या दिवसाची तपासणी टाळू नका, मी दहाव्या दिवशी घरीच पट्टी केली तर दोन रेघा, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, सकाळी डॉक्टर हसल्या, म्हणाल्या हार्मोन उतरायला तीन-चार आठवडे लागतात, आत्ता पट्टी कशाला केलीत. पंधराव्या दिवशी सोनोग्राफीत पिशवी स्वच्छ होती. त्याच दिवशी त्यांनी साधनाचं विचारलं, कारण आठ-दहा दिवसांत परत दिवस राहू शकतात, पाळीची वाट बघायची नसते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी कॉपर-टी बसवून घेतली. बहिणीची तपासणी येत्या गुरुवारी आहे.