नौपाड्यातील इंग्रजी व्याकरण वर्ग : शिकवणे उत्तम, सराव अपुरा

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या इंग्रजी व्याकरणाच्या शनिवार-रविवारच्या वर्गाला मी नुकतीच दोन महिने हजेरी लावली. मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारख्यांची नेमकी चूक बाईंनी पहिल्याच दिवशी पकडली. ‘वाचायला’ म्हटले की आपल्या डोक्यात थेट ‘टू रीड’ उमटते आणि ‘आय एन्जॉय टू रीड’ असे वाक्य सहज तोंडून जाते. परंतु ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांच्यामागे ‘रीडिंग’सारखे रूपच लागते, तर ‘वाँट’, ‘डिसाइड’ यांना ‘टू’ लागतो.

‘स्टॉप’चा तास मात्र खरोखर लक्षात राहिला. ‘तो बोलायचा थांबला’ आणि ‘तो बोलायला थांबला’ ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून, पहिल्याला ‘स्टॉप्ड टॉकिंग’ आणि दुसऱ्याला ‘स्टॉप्ड टू टॉक’ म्हणतात, हे त्यांनी आपल्याच भाषेतून उलगडले. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ शब्दयोगी असल्याने पुढे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ येते, हे कळल्यावर मी कार्यालयातील माझी जुनी पत्रे आठवून ओशाळलो.

तक्रार सरावाविषयी आहे. छापील टिपणांत ‘सजेस्ट टू गो’ हे चुकीचे वाक्य बरोबर म्हणून दिले होते आणि दाखवूनही ते दुरुस्त झाले नाही. तीस जणांच्या तुकडीत स्वतः बोलण्याची संधी क्वचितच मिळते. शिवाय पंखा फार आवाज करतो.